दाराचं झालं टेबल!

मार्चमधली दुपार. डेडलाइन डोक्यावर, कॉफी गार झालेली, आणि अचानक ‘टडाक्!’ शेजारच्या फ्लॅटमध्ये काहीतरी पडलं असेल म्हणून मी पुन्हा कीबोर्डकडे वळले. जरा वेळाने मग उचलला, तर खाली टेबलटॉपच्या टोकापासून पार मध्यापर्यंत एक चीर. आईशप्पथ, रडूच आलं.

कारण हे टेबल मॉलमधून उचललेलं नव्हतं. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला, तेव्हा कुणी तांब्याची भांडी नेली, कुणी झोपाळ्याच्या कड्या. बाबांनी फक्त माजघराच्या दाराच्या दोन फळ्या मागून घेतल्या. अस्सल सागवान, प्रत्येक फळी सलग, १४ इंच रुंद. (एवढ्या रुंदीची सलग सागवानी फळी आज विकत घ्यायची म्हटलं, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये भाव ऐकून गप घरी याल.) डाव्या फळीवर एक अर्धगोल ओरखडा होता. दाराची लोंबती कडी वर्षानुवर्षं हलून हलून तिथे चक्क कमान कोरली गेली होती. बाबांची अट एकच, ती कमान वरच्या बाजूला दिसली पाहिजे.

मग काय, मी आणि माझा उत्साह! भर पावसात, ऑगस्टमध्ये, कडा रंधून फळ्या फेविकॉलने जोडल्या, रात्रभर शिकंज्यात आवळल्या आणि लोखंडी फ्रेमवर १२ स्क्रूंनी करकचून बसवल्या. वरून पॉलिशचे तीन हात. खालून काहीच नाही. खाली कोण बघतंय?

चीर बघायला आलेले सुतारकाका टेबलाखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, “ताई, पावसात बनवलंत ना?”

झालं होतं असं. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. गंमत म्हणजे लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीत. साग तसा गुणी, बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो. तरी पुण्याचा जुलै आणि पुण्याचा एप्रिल यांच्यात २८ इंची टॉप सहज अर्धा-पाऊण सेंटीमीटर कमी-जास्त होतो. पावसाळ्यात फुगलेला माझा टॉप मार्चमध्ये आकसायला निघाला आणि १२ स्क्रूंनी त्याला धरून ठेवलं. मग तो फाटणार नाही तर काय? आणि फाटला तो जोडावर नाही, लाकडातच. फेविकॉल पास, मी नापास. ‘जुनं लाकूड मुरलेलं असतं, ते कुठे हलतंय’ असं मलाही वाटायचं. साफ चूक. जुनं झालं तरी ओलावा पिणं थांबत नाही.

काकांचा उपाय सोपा होता. रुंद फळी वाकते, म्हणून तिच्या चार-चार इंचाच्या पट्ट्या पाडायच्या आणि उलटसुलट जोडायच्या. “जन्मात वाकणार नाही.” सल्ला शंभर टक्के बरोबर. पण मग कमानीचे तुकडे. बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणून मीच नाही म्हटलं.

नशीब, चीर उजव्या फळीत होती. तिथेच सरळ कापून पुन्हा जोडली. जुने खिळे लोहचुंबकाने हुडकून काढले, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. रंधा मारला तो फक्त खालून. वर कमानीभोवती हाताने पॉलिश पेपर, त्यामुळे तिथे मग अजून जरासा डुगडुगतो. या वेळी पॉलिशचे जितके हात वर तितकेच खाली. एकाच बाजूने ओलावा शिरला, तर फळी हमखास वाकते. स्क्रू मात्र निम्मे केले. मधले दोन पक्के, बाकीच्यांसाठी फ्रेममध्ये लांबट भोकं, रेषांना आडवी, खाली वायसर. टॉपला सरकायला जागा.

काकांनी जाताना टॉपच्या कडेखाली फ्रेमवर पेन्सिलची एक रेघ मारून ठेवली. आता जुलै चालू आहे. दर रविवारी बाबा चहाचा कप घेऊन येतात आणि आधी वाकून ती रेघ बघतात. परवा म्हणाले, “दोन मिलिमीटर सरकलं गं!” मग कप टेकवला. कमानीवर नाही, शेजारी.