दोन किलो कमी पडलेली बाई

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. वय सेहेचाळीस, राहायला पिंपरीला. सकाळी डबे करून देतात. नवरा कारखान्यात आहे, घरात मारहाण नाही, दारू नाही. मी नेहमीप्रमाणे वही उघडली आणि विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध लिहू?" त्या म्हणाल्या, "विमा कंपनीविरुद्ध लिहा, ताई. मी दोन किलोनं कमी पडले."

त्यांची उंची पाच फूट एक इंच आणि वजन ८२ किलो. नऊ वर्षं मधुमेह, आता इन्शुलिन घेऊनही साखर आटोक्यात नाही. रक्तदाब आहे. जिना चढताना धाप लागते, पाठीत भरून येतं. दोन वर्षं हे सगळं 'ॲसिडिटी' आणि 'या वयात होतंच' यात गेलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मानेतल्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करून घेतली. वाहिनीची भिंत जाड झालेली निघाली. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विचार करा, असं त्यांनी सुचवलं. नवऱ्याच्या कंपनीतर्फे कुटुंबाचा आरोग्यविमा आहे, म्हणून अर्ज केला. तो नाकारला गेला. विम्याच्या अटीत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ हवा. यांचा ३४. खिडकीवरचा माणूस हसत म्हणाला, "दोन-तीन किलो वाढवा आणि परत या."

जाडी म्हणून वीस वर्षं टोमणे खाल्लेल्या बाईला हे ऐकायला लागलं.

घरात काय झालं? पाच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हृदयाचा बायपास झाला तेव्हा सारं घर धावलं. यांच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत. आता यांच्या पोटाच्या बायपासचा विषय निघाला तर सासूबाई म्हणाल्या, "तोंडावर ताबा ठेवला तर फुकटात बारीक होशील." नवरा काही बोलला नाही. त्याचा आजार नशिबानं आलेला आणि हिचा हिनं खाऊन ओढवून घेतलेला, असा हा न्याय. दोघांच्या रक्तवाहिन्या मात्र एकाच तऱ्हेनं अरुंद होतात.

खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया सासूबाईंपेक्षा फार निराळी नव्हती. माझी भाषा तेवढी चळवळीची होती. गोरेपणाच्या क्रीमला, सौंदर्यस्पर्धांना आपण विरोध केला. आता बाईनं बारीक दिसावं म्हणून पोटावर सुरी? एमएसडब्ल्यू करताना शिकलेलं सारं मला सांगत होतं की हे बाजाराचं काम आहे. बाजार आहेच. लग्नाआधी 'नवी तू' होण्याचं आमिष दाखवणारी पत्रकं मी पाहिली आहेत, त्यावर रक्तवाहिनीचा उल्लेखही नसतो. पण समोर बसलेल्या बाईंना बारीक दिसायचं नव्हतं. त्यांना जिना चढायचा होता. म्हणून मी डॉक्टर मैत्रिणींना विचारत, वाचत गेले.

रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं. रक्त जास्त लागतं तेव्हा वाहिनीला सैल करण्याचं काम ते करतं. पोटाच्या आत साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तदाब चढतो. अस्तर बिघडतं, कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, वाहिनी जाड आणि ताठ होते. ऑपरेशनच्या एका प्रकारात जठराचा बराच भाग काढून नळीएवढा ठेवतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, तोच पोटाचा बायपास. त्यामुळे खाणं कमी होतंच, पण आतड्यातली संप्रेरकंही बदलतात. पुष्कळांची साखर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येते. पुढे अस्तराचं काम सुधारतं. भिंतीची जाडी कमी झाल्याचंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन केलेले २०१० जण आणि नेहमीचे उपचार घेणारे २०३७ जण, त्यांत दहातल्या सात बायका. सुमारे पंधरा वर्षांच्या पाहणीनंतर २०१२ साली आकडे छापून आले. हृदयविकाराने आणि पक्षाघाताने झालेले मृत्यू पहिल्या गटात २८, दुसऱ्या गटात ४९. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते आणि माणसं आपल्याकडची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणाला फायदा जास्त होईल हे सुरुवातीच्या बीएमआयवरून ठरत नव्हतं. ज्यांच्या रक्तात इन्शुलिन आधीच चढलेलं होतं, त्यांना तो अधिक झाला. म्हणजे काट्यावरचा आकडा शरीराच्या आतलं सगळं सांगत नाही.

आणि आपल्याकडे नेमका तोच काटा दाराशी उभा आहे. भारतीय माणसाला कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्या तज्ज्ञांनी २००९ साली वेगळी मोजपट्टी सुचवली. सोबत आजार असतील तर ३२.५, नसतील तर ३७.५. आमच्या बाईंच्या उंचीला ३२.५ म्हणजे ७८ किलो. विमा नियामकानं २०१९ साली ठरवून दिलेल्या अटीत मात्र ४० आहे, किंवा ठरावीक गंभीर आजार असतील तर ३५. अमेरिकेत १९९१ साली ठरलेले आकडे हेच. त्यानंतर २०२२ साली सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पुढे हे ऑपरेशन सुचवावं असं म्हटलं. सर्जनांचा यात स्वार्थ आहे, हे धरूनही ३५ चा हट्ट समजत नाही. शिवाय त्या ठरावीक आजारांच्या यादीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आहे, पण तो होण्याआधीची जाड झालेली भिंत नाही. वाहिनी तुंबली की पैसे मिळतील. तोवर थांबा.

म्हणून सगळ्यांनी ऑपरेशन करावं, असं मी म्हणत नाही. रक्तस्राव, शिवण गळणं असे धोके आहेत. त्याहून मोठी गोष्ट पुढची. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्या देशात ही बाब किरकोळ नाही. थोडं थोडं, सावकाश, प्रथिनं आधी, असं खावं लागतं. सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवणाऱ्या बाईला हे कोण करू देणार? बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नसतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. लग्नाच्या घाईत पोरीला टेबलावर चढवणाऱ्या आईवडिलांना हे कोणी सांगतं का?

माझं म्हणणं इतकंच आहे. विम्याची अट भारतीय शरीराला धरून बदलावी. ऑपरेशनआधी बाईशी एकटीशी बोलावं, नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून. तिची साखर, रक्तदाब, रक्तवाहिन्या यांचा हिशोब तिला तिच्या भाषेत सांगावा, म्हणजे हो किंवा नाही ती स्वतः म्हणेल. आणि आपण संघटनेतल्या मैत्रिणींनी 'तू आहेस तशी छान आहेस' एवढं म्हणून थांबू नये. ते खरंच आहे. पण धाप लागणाऱ्या बाईला त्याच्यापुढचंही काही हवं असतं.

आम्ही विमा कंपनीला पत्र लिहिलं. पुन्हा नकार आला. आता वरच्या दाराशी, विमा लोकपालांकडे अर्ज केला आहे. मधल्या काळात बाई गोळ्या, इन्शुलिन, चालणं सगळं नेमानं करतात. परवा केंद्रात आल्या तेव्हा जिन्यात दोनदा थांबल्या. वर येऊन म्हणाल्या, "ताई, वजन दीड किलो उतरलं. आता मी साडेतीन किलोनं कमी पडते."

आम्ही दोघी हसलो. मग मी वही उघडली.