आधी पुरावा, मग पाना

न्यायालयात कुणावर आरोप ठेवायचा तर पुरावा लागतो. मोटारसायकल बंद पडली की मात्र चहाच्या टपरीपासून गॅरेजपर्यंत जो तो विनापुरावा निकाल देऊन मोकळा होतो. 2025 च्या उन्हाळ्यात आम्ही असे चार निकाल ऐकले, चारही निकालांची किंमत खिशातून मोजली आणि चारही चुकीचे निघाले. म्हणून हा लेखप्रपंच.

आमची गाडी 2002 सालची, 100 सीसीची, कार्बोरेटरवाली. दारव्ह्याहून यवतमाळच्या न्यायालयात जायचे आणि येताना एखाद्या वस्तीवर बैठक असली तर ती उरकून रात्री घर गाठायचे, हा तिचा आणि आमचा दिनक्रम. त्या मे महिन्यात तिने नवीनच खोड धरली. वीस-पंचवीस मिनिटे ठणठणीत चालायची आणि एकाएकी बंद पडायची. किका मारून पाय दुखून यायचा, पण दाद द्यायची नाही. दहा-पंधरा मिनिटे झाडाखाली उभी केली की पहिल्या किकेत चालू! एकदा तर मागे भरलेला ट्रक असताना ती बंद पडली. ट्रकवाल्याने गाडी आवरली म्हणून हा लेख लिहायला आम्ही शिल्लक आहोत.

पहिल्या मेकॅनिकने प्लग बदलला. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून साफ केला. तिसरा म्हणाला, सीडीआय गेले, तेही बदलले. चौथ्याने इथेनॉलच्या पेट्रोलवर खापर फोडले, टाकी रिकामी केली, पेट्रोलची नळी आणि फिल्टर नवे टाकले. दोन-अडीच हजार रुपये गेले आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच झाडाखाली उभी राहिली.

आम्ही त्या कारागिरांना दोष देत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत जो शिकला, त्याला मीटर धरायला कुणी शिकवले? आणि आम्ही तरी त्याच्याकडे काय घेऊन गेलो? सुरळीत चालणारी गाडी! गुन्हा घडला रस्त्यावर, आणि पंचनामा होतो दोन तासांनी गॅरेजात, तोही आरोपी साळसूदपणे उभा असताना. मग अंदाजाखेरीज त्याच्या हाती राहते काय?

खरी गोम इथेच आहे. अधूनमधून होणाऱ्या दोषाचा पुरावा गाडी बंद असलेल्या त्या दहा मिनिटांतच हाती लागतो. आपण मात्र नेमकी तीच दहा मिनिटे चहा पिण्यात घालवतो. गाडी थंड झाली की पुरावा नष्ट!

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चालायला मुख्यतः पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी लागते. मेकॅनिकच्या भाषेत तिला करंट म्हणतात. अचानक बंद पडलेल्या गाडीला पहिला प्रश्न हाच विचारायचा की, पेट्रोल गेले की करंट गेला? बंद पडण्याची तऱ्हासुद्धा साक्ष देते. पेट्रोल कमी पडले की गाडी आधी दम सोडते, झटके खाते आणि मग बंद पडते. करंट तुटला की चावी फिरवावी तशी एका क्षणात गप्प होते. ही साक्ष महत्त्वाची, पण एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये. तपासणी करावी.

रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी गाडी घेतली की सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडा. टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा झाकणाच्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. ते छिद्र धुळीने बुजले तर टाकीत हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. झाकण उघडताच हवा खेचल्याचा 'सुस्स' आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली, तर झाकणावर संशय घ्यायला जागा आहे. गंमत अशी की, नुसती वाट पाहिली तरी हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी चालू होते. म्हणजे बुजलेले झाकण आणि तापून दगा देणारी कॉइल या दोघांची लक्षणे वरवर पाहता सारखीच. फरक कळतो तो फक्त लगेच तपासले तर.

झाकण घट्ट लावून मग करंट पाहा. सोबत एक चांगला प्लग ठेवावा. तो प्लगच्या टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचे आणि किक मारायची. प्लग हाताने धरू नये, टाकीपासून दूर ठेवावा. निळी, कडक ठिणगी दिसली तर करंट आहे. मग कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल सलग वाहते की थेंब-थेंब गळून थांबते, ते पाहा. थांबले तर कॉक, त्याची जाळी, नळी, टाकीतला गंज यांची चौकशी करा. हा क्रम मोडू नका. आधी करंट, नंतर पेट्रोल. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडायची नाही आणि जवळ कुणाला विडी ओढू द्यायची नाही.

हँडल वळवताना गाडी बंद पडत असेल तर हँडलच्या मानेजवळ घासलेली तार शोधा. फक्त सिग्नलवर, मंद चालीवर बंद पडत असेल तर कार्बोरेटरचा छोटा जेट, इंजिनला जोडणारे चिरलेले रबर किंवा घट्ट झालेले टॅपेट पाहा. गाडी केव्हा बंद पडते हे जो नीट सांगतो, तो निम्मे काम करून देतो.

आमच्या गाडीचे काय झाले? जून 2025 मध्ये आम्ही प्लग, पाना आणि एक साधा मीटर डिकीत टाकून निघालो. गाडी ठरल्या जागी बंद पडली. झाकण उघडले, आवाज नाही. प्लग लावला, ठिणगी नाही. चावीकडून सीडीआयकडे येणारी, गाडी बंद करणारी तार सोडवून पाहिली, तरीही नाही. सीडीआय तर नवेच होते. मग मीटरची टोके पिकअप कॉइलच्या तारांना लावली. मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. पंधरा मिनिटांनी तीच मोजणी केली, तर मीटरने व्यवस्थित आकडा दाखवला! आतली केसासारखी तांब्याची तार तापली की सुटत होती, निवली की जुळत होती. कॉइल बदलली. त्यानंतरचा सारा पावसाळा गाडीने एकदाही रस्त्यात सोडले नाही.

आता इथेनॉलविषयी. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल 2023 पासून विक्रीला आले आणि 2025 पर्यंत देशभर पसरले. ग्राहकाला इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. हा पर्याय गरिबाच्या जुन्या गाडीला मिळायला हवा होता, असे आमचे मत आहे. इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या गाड्यांची रबरे, वॉशर त्याच्यासाठी बनलेलीच नव्हती. म्हणूनच चौथ्या मेकॅनिकचा निकाल आम्हाला सर्वांत गोड लागला होता. ज्याच्यावर आधीच राग, तोच आरोपी! पण कार्बोरेटरच्या वाटीत पाणी नव्हते, नळी फुगलेली नव्हती, गळती नव्हती आणि ठिणगीच पडत नव्हती. या खटल्यात इथेनॉल निर्दोष होते. ज्याच्याविरुद्ध आपली खरी तक्रार आहे, त्याच्यावर खोटा आरोप केला की आपली खरी तक्रारही कुणी ऐकत नाही. चळवळीतल्या माणसाने तरी हे विसरू नये.

वीस वर्षांची गाडी हौसेने कोण चालवतो? पहाटे नाक्यावर जाणारा गवंडी, रात्रपाळी करणारा वॉचमन, खेड्याखेड्यांत माल पोहोचवणारा पोरगा. त्यांची गाडी बंद पडली की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचे बिल त्यांच्याच माथी बसते. म्हणून पार्ट बदलण्यापूर्वी विचारा, 'हा खराब आहे हे कशावरून?' बदललेला जुना पार्ट परत मागा, बिल मागा. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मागायला संकोच कशाचा?

आणि पुढच्या वेळी गाडी बंद पडली तर चहाची ऑर्डर नंतर द्या. आधी गाडी कडेला घ्या, किती वाजले, किती किलोमीटर झाले, बंद कशी पडली, ते कागदावर लिहा. झाकण उघडा, ठिणगी पाहा. मग तो कागद घेऊन मेकॅनिककडे जा. त्यालाही आजवर असे गिऱ्हाईक फारसे भेटलेले नसते.