न बोलावलेला दलाल

कापडाच्या धंद्यात दलालाला नावे ठेवून चालत नाही. भिवंडीचा ग्रे असो की सुरतेचा सिंथेटिक माल, परगावच्या पार्टीला दुकानापर्यंत आणणारा माणूस लागतोच, आणि त्याची दलाली किती हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पण आपल्याच गाळ्याच्या दारात एखादा अनोळखी इसम खुर्ची टाकून बसला, बाहेर निघालेल्या प्रत्येक नोकराला 'कुठे चाललास' म्हणून विचारू लागला आणि आपल्याला कमिशन देणाऱ्या दुकानाकडेच त्याला धाडू लागला, तर आपण त्याला किती वेळ बसू देऊ? वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या कित्येक गाळ्यांतील संगणकांत असा इसम आज बसलेला आहे, आणि मालक मंडळी 'हल्ली नेटच असे झाले आहे' असे म्हणत काम रेटत आहेत.

मामला नीट समजून घेण्यासारखा आहे. इंटरनेट पाहण्यासाठी आपण क्रोम, फायरफॉक्स किंवा एज वापरतो, त्यास ब्राउझर म्हणतात. त्याच्या वरच्या पट्टीत काहीही लिहिले की तो ते एका मुक्रर सर्च इंजिनकडे पाठवतो. ते गूगल असावे, बिंग असावे की डकडकगो, हे ठरवण्याचा हक्क संगणकाच्या मालकाचा. तोच हक्क गुपचूप काढून घेतला जातो. पट्टीत शिलाई मशीनच्या सुट्या भागाचे नाव लिहावे, एंटर दाबावे, क्षणभर कुठला तरी अनोळखी पत्ता चमकून जावा आणि भलत्याच नावाचे, जाहिरातींनी भरलेले पान उघडावे, असे होऊ लागले की समजावे. कधी कधी शेवटी गूगल किंवा याहूच उघडते, त्यामुळे संगणकावर बसणाऱ्या मुलाला सारे ठीक वाटते. ठीक नसते. मधल्या माणसाने चिठ्ठी वाचलेली असते आणि आपली दलालीही वसूल केलेली असते.

आपल्या देशाला हा प्रकार नवा नाही. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या प्रोग्रामविषयी अहवाल प्रसिद्ध केला आणि बीजिंगच्या राफोटेक या मार्केटिंग कंपनीकडे बोट दाखवले. फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसून तो संगणकात शिरे, होमपेज आणि सर्च इंजिन बदली, आणि लोकांनी विचारलेले प्रश्न आपल्या बनावट शोधपानावरून याहू-गूगलकडे वळवून मधल्या मध्ये माहिती गोळा करी. जगभरात २५ कोटी संगणकांना लागण झाल्याचा चेक पॉइंटचा अंदाज होता, आणि देशांच्या यादीत पहिला नंबर भारताचा, २ कोटी ५३ लाख. हे आकडे फुगलेले आहेत असे मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात म्हटले. आकडा चौथाई धरला तरी थोडा नव्हे.

काही मित्र म्हणतात, पान बदलले तर बदलले, काम तर होते ना? आम्हांस हे मान्य नाही. उद्यम नोंदणीचेच घ्या. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही केंद्र सरकारची नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तरीही सरकारीसारखेच दिसणारे नाव आणि रंग धारण केलेली खासगी पाने हाच अर्ज भरून देण्याचे पैसे घेतात. जाहिरातीवर जगणाऱ्या शोधपानावर असली दुकाने वरच्या ओळीत बसतात आणि सरकारी पत्ता खाली कोठेतरी राहतो. याहून वाईट म्हणजे बँकेचा किंवा कुरिअरचा कस्टमर केअर नंबर. तो शोधायला जावे आणि समोर ठगाचा नंबर यावा. पुढे तो गोड बोलून एखादे ॲप घालायला लावतो, ओटीपी विचारतो, आणि कारागिरांच्या आठवड्याच्या पगारासाठी ठेवलेली रक्कम खात्यातून निघून जाते. न्यायाने बोलायचे तर खोटे नंबर आणि फसव्या जाहिराती खुद्द गूगलवरही सापडल्या आहेत. फरक इतकाच की तेथे निदान तक्रार कोणाकडे करायची हे कळते. या बिननावाच्या पानांना ना पेढी ना पाटी.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की जीएसटी, ई-वे बिल, उद्यम आणि बँक ही पाने कधी शोधून उघडूच नयेत. पत्ता एकदा पूर्ण लिहून पान उघडावे, सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे हे पाहावे आणि बुकमार्क करून ठेवावे. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० या नंबरावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे कठीण.

आता हा इसम आत येतो कोठून? बहुतेक वेळा दार आतूनच उघडले जाते. पीडीएफ जोडायचे फुकट साधन, 'ड्रायव्हर अपडेटर', व्हिडिओ उतरवून घेण्याचा प्रोग्राम; घालताना मुलगा 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि मधल्या एका पानावर आधीच केलेली बरोबरची खूण तशीच राहते. मोठ्या कंपन्याही या बाबतीत धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. ओरॅकलच्या जावाबरोबर 'आस्क' टूलबार वर्षानुवर्षे याच पद्धतीने येत असे.

दुसरे दार मात्र क्रॅकचे आहे, आणि हे लिहिलेले आपल्या काही कारागीर बंधूंना कडू लागेल. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे, छपाईच्या चित्रांचे महागडे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून कुलूप तोडून घातले जाते. क्रॅक चालावा म्हणून दुरुस्तीवाला अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, आणि तो बंदच राहतो. ज्याने दुसऱ्याचे कुलूप फोडून माल आपल्या हाती दिला, त्याने आपल्या घराची किल्ली करून ठेवली नसेल कशावरून? खरे सॉफ्टवेअर परवडत नाही ही अडचण आम्ही जाणतो. पण इंकस्केप आणि त्याबरोबर चालणारे इंक-स्टिच हे मशीन एम्ब्रॉयडरीचे साधन कायदेशीरपणे फुकट आहे, पत्रे आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस आहे. महागड्या मालाची सारी सफाई त्यांत मिळेल असे नाही. छोट्या गाळ्याचे काम बरेचसे निभते.

इलाजाकडे वळू. दुरुस्तीवाल्याचा ठरलेला इलाज म्हणजे फॉरमॅट मारणे. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचे पैसे मोजायचे आणि टॅलीचा डेटा उडाला तर नशिबाला दोष द्यायचा. इतके करण्याची गरज सहसा नसते. टॅलीची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन, दुकान बंद झाल्यावर अर्धा तास बसले तर बहुतेक काम घरच्या घरी होते. मात्र क्रम चुकवू नये. आधी ब्राउझरला हात लावलात आणि मूळ प्रोग्राम तसाच राहिला, तर सकाळी सारे जैसे थे.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावावी. ज्या सुमारास त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले, आपण न मागितलेले प्रोग्राम काढून टाकावेत. नंतर क्रोममधील एक्स्टेन्शन्सचे पान उघडावे. ओळखीचे नसेल ते घालवावे. मग उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, त्यात सर्च इंजिन. येथे आपल्या पसंतीचे नाव निवडावे, आणि नुसते निवडून न थांबता खालच्या 'मॅनेज'च्या यादीतून परक्याचे नाव पुसावे. 'ऑन स्टार्टअप'मध्ये कुणाचा पत्ता लिहून ठेवला आहे काय तेही पाहावे. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची परवानगी ज्यांना दिली आहे त्यांची यादी असते. कोपऱ्यात उसळणाऱ्या 'व्हायरस सापडला'च्या खोट्या पाट्या बहुधा तेथूनच येतात. डेस्कटॉपवरील क्रोमच्या चिन्हावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडल्यास 'टार्गेट'ची ओळ दिसते. तिच्या शेपटाला एखादा परका पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडावा. एवढ्यानेही पान ठिकाणावर आले नाही तर रिसेट सेटिंग्ज. त्यात बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत; एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि ठिकठिकाणी पुन्हा लॉग-इन करावे लागते, इतकेच.

चिवट जात वेगळी. सेटिंग्जमध्ये 'तुमचा ब्राउझर संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते आणि सर्च इंजिन बदलूच देत नाही. दहा बाय पंधराच्या गाळ्यात कसली आली संस्था! हा संदेश कधी अँटिव्हायरसमुळेही येतो, पण पुष्कळदा परक्याने विंडोजच्या नोंदवहीत हुकूम लिहून ठेवलेला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये रीझनलॅब्स कंपनीने उघड केलेल्या प्रकारात किमान ३ लाख लोकांच्या क्रोम आणि एजमध्ये असेच जबरदस्तीचे एक्स्टेन्शन घातले गेले होते. व्हीएलसीसारख्या नामांकित प्रोग्रामची खोटी पाने उभारून लोकांना गाठले, आणि काढलेले पुन्हा घालण्यासाठी विंडोजच्या वेळापत्रकात काम लावून ठेवले. अशा वेळी विंडोजच्या डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी, मालवेअरबाइट्सचे ॲडडब्ल्यूक्लीनर त्याच कंपनीच्या पानावरून घेऊन चालवावे. जुनी माणसे क्रोममधील साफसफाईचे साधन वापरा म्हणतात. ते गूगलने मार्च २०२३ मध्येच काढून टाकले आहे. आणखी एक खोच आहे. घरच्या आणि गाळ्याच्या संगणकावर एकच गूगल खाते असेल तर सिंकमुळे एकीकडची घाण दुसरीकडे जाते, म्हणून दोन्ही एकाच बैठकीत साफ करावेत. इतके करूनही तो हलला नाही, तर दुरुस्तीवाल्याला खुशाल फॉरमॅट मारू द्यावे.

इंग्रजी शब्दांची भीती वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आम्ही शाळा उर्दूत शिकलो आणि मराठी बाजारात. या पडद्यावरचे इंग्रजी आमच्यासारख्यांना जड जाते, आणि मग पोराटोरांवर सारे सोपवले जाते. फायरफॉक्स मराठीत मिळतो आणि उर्दूतही. क्रोमची पाटी मराठीत करता येते. आपली तिजोरी आपण वाचू शकू अशा लिपीत असावी.

या एका जागेची किंमत किती, ते मोठ्यांच्या भांडणातून कळते. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच इंजिन मुक्रर राहावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले होते, असे त्या खटल्यात पुढे आले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. भारतातील ग्राहकाला नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडता येईल, असे गूगलला जानेवारी २०२३ मध्ये जाहीर करावे लागले. कोट्यवधी रुपये मोजून जी खुर्ची घेतली जाते, ती आपल्या गाळ्यात कोणीही फुकट बळकावतो आणि आपण मुकाट बसतो, याचे आम्हांस नवल वाटते.

कायदा नाही असे नाही. परवानगीवाचून संगणकात असा प्रोग्राम घालणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि लबाडीने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नियमांत घातले, त्यांत अडवून प्रोग्राम घ्यायला लावणे आणि घातक प्रोग्राम गळ्यात मारणे हेही आहेत. पण ज्याचा पत्ताच नाही त्याच्यामागे दोन कारागिरांचा मालक कोठवर धावणार? त्यापेक्षा प्रत्येक इंडस्ट्रियल इस्टेटीच्या सोसायटीने महिन्यातून एक संध्याकाळ ठेवावी आणि जाणत्या तरुणाने पाच-सहा गाळ्यांचे संगणक मालकासमोर तपासावेत. मालकासमोर, हे महत्त्वाचे. पासवर्ड कुणाच्या हाती देऊ नये.

त्या संध्याकाळी जुन्या संगणकांची मोजदादही व्हावी. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून येत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ चा संगणक टॅलीसाठी ठेवायचा असेल तर ठेवावा, पण नेटची तार काढून.