'तुघलकी' चालते, 'मलिकंबरी' का नाही?

मराठीत कारभाराला नावे ठेवायची झाली की तीन-चार शब्द हाताशी तयारच असतात. निर्णय अविचारी असला तर तो 'तुघलकी'. हुकूम जुलमी असला तर 'नादिरशाही'. अंदाधुंदी माजली तर 'मोगलाई'. आणि समोरचा माणूसच नकोसा झाला तर 'औरंगजेबाची अवलाद'. अग्रलेख लिहिणारे संपादक, सभेत बोलणारे पुढारी, शाळेतले गुरुजी, सगळेच हे शब्द सर्रास वापरतात. त्या प्रत्येकाच्या मनात मुसलमानांबद्दल द्वेष असतो असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांच्या मनात काहीच नसते. शब्द जिभेवर बसलेला असतो आणि तो बाहेर पडतो. आमची तक्रार या बसलेपणाबद्दलच आहे.

आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा सातवीत शिकतो. इतिहासाच्या तासाला गुरुजींनी विचारले, "तुघलकी कारभार म्हणजे काय?" प्रश्न साधाच होता. पण वर्गातल्या चार-पाच मुलांनी मागे वळून या मुलाकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही, कोणी हसलेही नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने विचारले, "अब्बा, तुघलक आपला कोण लागत होता?" अब्बांना उत्तर सुचले नाही. ते आपल्यापैकी किती जणांना सुचले असते?

माणसाच्या नावापासून शब्द तयार होतो तेव्हा त्या माणसाला कोणी विचारत नाही. तो बहुधा मेलेला असतो. शब्द बनवणारे दुसरेच असतात. नावाला 'ई' जोडायची की 'शाही', शब्दात स्तुती भरायची की शिवी, हे तेच ठरवतात. म्हणून असा शब्द ज्याच्या नावावरून पडला त्याच्याबद्दल थोडे सांगतो, आणि ज्यांनी तो पाडला त्यांच्याबद्दल पुष्कळ. इंग्रजांनी ख्रिस्तावरून ख्रिश्चन तसे महंमदावरून 'मोहमेडन' असा हिशेब केला आणि आमच्या धर्मालाच एका व्यक्तीचे नाव देऊन टाकले. इस्लाम हे नाव कोणा माणसावरून पडलेले नाही, पैगंबरांची इबादत कोणी मुसलमान करत नाही, हे त्यांना सांगूनही उपयोग झाला नाही. उलट आम्हीच तो शब्द उचलला. अलिगढचे कॉलेज १८७५ मध्ये 'मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल' या नावाने निघाले. मुल्ला यांचा 'मोहमेडन लॉ' वकिलांच्या कपाटात अजून आहे. दुसऱ्याने पाडलेले नाव माणूस मुकाट्याने कसे अंगावर घेतो, त्याचे हे घरचेच उदाहरण.

आता तुघलकाकडे वळू. ज्याच्या कारभारावरून हा शब्द आला तो सुलतान महंमद बिन तुघलक. त्याची कारकीर्द १३२५ ते १३५१. 'बिन तुघलक' म्हणजे तुघलकाचा मुलगा. तुघलक हे बापाचे, गियासुद्दीनचे नाव. तो पाचच वर्षे गादीवर होता, आणि बेताल कारभाराबद्दल इतिहास त्याला ओळखत नाही. मुलाच्या चुकांची पावती बापाच्या नावाने फाटली आणि सातशे वर्षे फाटतेच आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीवर टीका करणाऱ्यांनीही तिला 'तुघलकी' म्हटले. निर्णय घेणारे वेगळे, टीका करणारे वेगळे, बदनाम मात्र तुघलक!

महंमद बिन तुघलकाची वकिली आम्हाला करायची नाही. १३२७ मध्ये त्याने दिल्लीकरांना देवगिरीकडे, म्हणजे दौलताबादेकडे हलवले. त्यात माणसांचे अतोनात हाल झाले. पण हे आपल्याला कोणी सांगितले? बरनीने, इब्न बतूताने आणि इसामीने. इसामीचे नव्वदीचे आजोबा दिल्ली सोडताच त्या वाटेवर वारले. पुढे दख्खनेत बहामनी दरबारात बसून त्याने सुलतानाविरुद्ध लिहिले. हे तिघेही मुसलमान होते. तेव्हा मुसलमान बादशहावर टीका कशी करावी हे आम्हाला बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही. ते काम आमच्या लोकांनी त्याच शतकात करून ठेवले आहे.

पण इतिहासात वाचता येते ते शब्दाच्या पोटात मावत नाही. चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेचे नाणे त्याच मोलाने चालावे, हा त्याचा हुकूम वेडेपणाचा नमुना म्हणून शिकवतात. आज आपल्या खिशातली नोट काय आहे? कागदाला सरकारच्या शब्दाने मोल आले आहे, एवढेच. त्याची कल्पना चुकली नव्हती. खोटी नाणी पाडणाऱ्यांना तो रोखू शकला नाही, आणि शेवटी नाणी परत घेऊन त्याला खजिन्यातून चांदी मोजावी लागली. आणि दौलताबादचे काय? दिल्लीहून आलेली सगळीच माणसे परत गेली नाहीत. बुऱ्हानुद्दीन गरीब इथेच राहिले, १३३७ मध्ये वारले आणि खुलदाबादेत विसावले. दिल्लीची बोली मराठी, तेलुगू, कानडीच्या शेजारात राहिली आणि तिची दखनी झाली. घाटावरच्या आपल्या घरांत चुलीपाशी जी भाषा बोलली जाते, तिच्या मुळाशी हा 'तुघलकी' निर्णयही आहे. त्या मुलाला हे कोणी सांगितले असते, तर मागे वळून पाहणाऱ्यांना त्याच्याजवळ काही तरी उत्तर असते.

'नादिरशाही'बद्दल आमची तक्रार नाही. १७३९ च्या मार्च महिन्यात नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मोगल बादशहा महंमदशहा होता, आणि मेलेल्यांत मुसलमानही होते. तो शब्द रक्ताने मिळवलेला आहे, तो राहू द्या. पण मग हाच न्याय सगळ्यांना लावा.

'हापूस' घ्या. पोर्तुगिजांतील आफोन्सो या नावाचा आपल्या किनाऱ्यावर हापूस झाला. हा आफोन्सो म्हणजे आफोन्सो द अल्बुकर्क असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याने नोव्हेंबर १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतले, आणि शहरातल्या मुसलमानांची बायकापोरांसकट कत्तल केली. ही गोष्ट त्याने आपल्या राजाला अभिमानाने कळवलीही. त्याच्या नावाचा शब्द मराठीत सगळ्यांत गोड झाला. एप्रिल-मे महिन्यात आपणही पेटी आणतो, कापून पाहुण्यांपुढे ठेवतो, आणि हापूसचे नाव बदला असे कोणी म्हणत नाही. म्हणूही नये. आमचा मुद्दा एवढाच की, माणसाने काय केले यावरून शब्द गोड किंवा कडू होत नाही. बोलणाऱ्यांनी त्यात साखर घातली की मीठ, यावरून होतो. अल्बुकर्कला ज्या समाजाने माफ केले, त्या समाजाने तुघलकाच्या बापालाही माफ करायला हरकत नव्हती.

कडू शब्द टिकले याहून मोठे दुःख चांगले शब्द गेल्याचे आहे. 'मलिकंबरी' हा शब्द आज किती मराठी माणसांना ठाऊक आहे? मलिक अंबर हा हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. तो निजामशाहीचा वजीर झाला आणि जहांगीर बादशहाला त्याने दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. त्याने जमिनी मोजल्या, प्रतवारी पाहून सारा ठरवला, आणि वसुलीच्या मक्तेदारांचा जाच कमी केला. त्या पद्धतीला 'मलिकंबरी धारा' म्हणत. या मुलखातील महसुलाचा इतिहास लिहिणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते. एका गुलामाच्या नावावरून मराठी मुलखात न्याय्य सारापद्धतीला नाव पडले होते. कुणब्याच्या शेतातून निघालेला हा शब्द आज फक्त परीक्षेच्या पुस्तकात उरला आहे. 'तुघलकी' रोज छापला जातो.

१६२४ साली भातवडीच्या लढाईत मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवले. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजीही होते. शरीफजी तिथेच पडले. ही दोन नावे पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मालोजीराजांना अहमदनगरच्या शहाशरीफ पिराच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. शिवछत्रपतींच्या वडिलांचे नाव एका पिराच्या नावावरून आले, हे महाराष्ट्राने कधी लपवले नव्हते. आजही कोणी लपवत नाही. फक्त कोणी त्याचा उच्चार करत नाही.

आणि आपण तरी काय केले? १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी वसवली, तिला नहरीने पाणी आणले. पुढे १६५३ मध्ये तिला औरंगजेबाचे नाव लागले. २०२३ मध्ये ते नाव सरकारी कागदांवरून गेले. उस्मानाबादचेही त्याच वर्षी गेले, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे. या भांडणात एका बाजूने औरंगजेबाला शिव्या दिल्या, दुसऱ्या बाजूने आपल्यातील काहींनी त्याच्यासाठी गळे काढले. शहर ज्याने वसवले त्याचे नाव ना त्यांनी घेतले ना आपण. शत्रूने आपल्यासाठी जो पूर्वज निवडला, तोच आपण उराशी धरला!

'औरंगजेबाची अवलाद' या शिवीला खरे तर इतिहासच उत्तर देतो. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने बुडवले. ही दोन्ही राज्ये मुसलमानांची होती. त्याने बापाला कैदेत टाकले, दारा शुकोहला मारले, सरमदचे शिर उडवले. इथले मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी याच मातीत कामधंदे करत आले. औरंगजेबाच्या वंशावळीत त्यांना कोणी बसवले? त्याची कबर आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून तो आपला बाप होत नाही. हे आपण मराठीत, छापून, वारंवार सांगायला हवे होते. आपण एक तर गप्प बसलो, नाही तर चिडलो.

आता थोडे घरात पाहू, कारण दुसऱ्यांच्या शब्दकोशाची झडती घेणाऱ्याने आपलाही उघडून दाखवला पाहिजे. कोकणातील आपले बांधव शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. ही दोन्ही नावे इमामांच्या नावांवरून आली आणि आदराने आली. पण नावापासून शिवी बनवण्यात आपण कोणाच्या मागे नाही. 'वहाबी' हा शब्द पाहा. नज्दचे शेख महंमद बिन अब्दुल वहाब (१७०३ ते १७९२) यांच्यावरून तो पडला. इथेही मुलाच्या मताबद्दल बापाच्या नावाची बदनामी झाली. आणि वहाब हे तर अल्लाहच्या नावांपैकी एक, त्याचा अर्थ भरभरून देणारा. इंग्रजांनी या शब्दाचा अर्थ बंडखोर असा केला, १८६० नंतर त्या नावाने खटले चालवले, माणसे अंदमानात पाठवली. अहले हदीस जमातीच्या पुढाऱ्यांनी १८८० नंतरच्या दशकात अर्ज करून हा शब्द सरकारी कागदांतून काढायला लावला. परक्या सरकारने तो सोडला. आपल्या मोहल्ल्यांनी सोडला नाही. आजही एखाद्या मशिदीत नमाजाची रीत जरा वेगळी दिसली की तो शब्द फेकला जातो, सोयरीक मोडते, कफन-दफनापर्यंत गोष्ट जाते. एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, अशी कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट ताकीद आहे. ती आपण दुसऱ्यांना ऐकवतो. स्वतःला कधी ऐकवणार?

दुसरे एक दुखणे याच्या उलट आहे. ख्वारिझ्मीच्या नावावरून जगाने 'अल्गोरिदम' हा शब्द बनवला, हे आपण भाषणात छाती फुगवून सांगतो. त्या नवव्या शतकातील विद्वानाने हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला. म्हणजे तो दुसऱ्यांचे ज्ञान शिकायला लाजला नाही. खाडीकाठच्या तिवरांच्या जातीला वनस्पतिशास्त्रात 'अविसेनिया' म्हणतात, ते इब्न सीनाच्या नावावरून. पण आपल्या किती मुलींना आपण गणित आणि वैद्यक शिकायला घराबाहेर पाठवले? नाव मिरवायला काही लागत नाही. नाव मिळवायला लागते.

शब्दांवर बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. बंदीने शब्द मरत नाहीत, उलट ते जास्त जोराने बोलले जातात. आमची मागणी साधी आहे. मराठी संपादकांनी आणि गुरुजींनी 'तुघलकी' लिहिण्यापूर्वी 'लहरी', 'अविचारी', 'मनमानी' हे शब्द आठवून पाहावेत. ते नेमकेही आहेत आणि कोणाच्या मुलाला मागच्या बाकावर एकटे पाडत नाहीत. आणि आपण, मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांनी, 'मलिकंबरी' हा शब्द पुन्हा वापरात आणावा. गावात मोजणी चोख झाली, सारा रास्त लागला, पाणी घरापर्यंत आले, तर 'काम मलिकंबरी झाले' असे लिहून पाहावे. चार जण हसतील, पाचवा अर्थ विचारेल. त्याला अर्थ सांगता येण्याइतका अभ्यास मात्र आपल्याजवळ हवा.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येईल. बेटा, तुघलक आपला कोणी लागत नव्हता. पण ज्या भाषेत तू घरी बोलतोस आणि ज्या भाषेत तू शाळेत शिकतोस, त्या दोन्ही तुझ्या आहेत. त्यांतला शब्द कोणाला लागला, तर तो बदलण्याचा हक्कही तुझाच आहे.