हर्सूलच्या दगडाला किती ताप होता?

आपल्या जिऑलॉजीच्या जर्नलमध्ये बसाल्टला एक पान असतं. 'अग्निजन्य, काळा, घट्ट, खडीसाठी उत्तम.' सही घ्यायची आणि पुढचं पान उलटायचं. माझं म्हणणं असं की हे पान अर्धंच आहे. उरलेलं अर्धं हर्सूलच्या टेकड्यांत पडलंय.

हर्सूल तलाव ओलांडून जटवाड्याकडे किंवा सावंगीकडे निघा आणि टेकडी कापलेली दिसेल तिथे थांबा. घट्ट काळ्या दगडाच्या जोडीला एक जांभळट, भोकाभोकांचा दगड असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. ती भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. त्यांत जे पांढरे, मोत्यासारखे चमकणारे खडे बसलेले असतात, त्यांत बरेचसे झिओलाइट असतात.

आता गंमत बघा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला तेव्हा तो साधारण ११०० अंशांचा होता. हे पांढरे खडे त्या आगीत तयार झालेच नाहीत. वर आणखी थर साचले, खालचा दगड दबला, त्यातून कोमट-गरम पाणी फिरलं, आणि त्या पाण्यातून हे जमले. कधीकधी तर मेसच्या चहाइतक्याच तापमानाला! यालाच अत्यंत कमी दर्जाचं रूपांतरण म्हणतात. (कॉन्व्हेंटमुळे मला 'मेटामॉर्फिझम' पाठ होतं, 'रूपांतरण' इथल्या लायब्ररीत भेटलं. मराठी शब्दाने लवकर समजतं, हे मान्य.)

न्यूझीलंडमध्ये कूम्ब्स यांनी १९५४ साली अशा खडकांचा नीट अभ्यास मांडला. पण आपल्याला जवळचा वाटावा तो आइसलँड, कारण तिथेही बसाल्टच. वॉकर यांनी १९६० मध्ये दाखवलं की पूर्व आइसलँडमध्ये झिओलाइटांचे पट्टे लाव्हाच्या थरांना तिरपे छेदून जातात. म्हणजे थर आधी, ताप नंतर. त्या पट्ट्यांवरून त्यांनी झिजून गेलेला डोंगराचा माथा पूर्वी किती उंच होता, याचाही हिशोब केला. पुढे तिथल्या बोअरमध्ये प्रत्यक्ष तापमान मोजलं गेलं: चॅबझाइट साधारण ३० ते ७० अंशांना, लॉमाँटाइट ११० च्या पुढे. आपल्याकडे सुखेस्वाला, अवसिया आणि गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम दख्खनसाठी लॉमाँटाइट, स्कोलेसाइट आणि ह्युलँडाइट असे पट्टे मांडले.

एक खडा उचलला आणि तापमान सांगितलं, असं मात्र होत नाही. पाण्यात कॅल्शियम किती, सिलिका किती, पाणी कुठल्या भेगेतून आलं, यावरही खनिज बदलतं. म्हणून एका भोकात कोण कोण एकत्र बसलंय, आधी कोण आणि नंतर कोण, आणि ती जागा किती उंचीवर आहे, हे सगळं लिहावं लागतं. खरं काम हेच आहे, आणि नेमकं हेच आपण करत नाही.

'सिव्हिलवाल्यांना याचं काय?' असं कुणी विचारेलच. लॉमाँटाइट कोरडं पडलं की पाणी सोडतं आणि भुगा होतो. तशी खडी काँक्रीटमध्ये गेली तर? रिपोर्टात नुसतं 'बसाल्ट' लिहून भागणार नाही.

दुसरी गोष्ट घाईची आहे. शहर त्याच बाजूला वाढतंय, सावंगीवरून समृद्धी महामार्ग गेलाय. टेकडी कापली की ही भोकं उघडी पडतात, आणि काही महिन्यांत त्यांचीच खडी होते. डिपार्टमेंटने पेटीतले जुने नमुने दरवर्षी फिरवण्यापेक्षा एक शनिवार आम्हाला हर्सूलला न्यावं. हातोडी, भिंग, वही आणि उंची मोजायला मोबाइल एवढं पुरे. परत आल्यावर खड्याचा चुरा बंद काचनळीत तापवायचा. झिओलाइट असेल तर नळीच्या थंड टोकाला पाण्याचे थेंब धरतात. तेवढंही आजवर आमच्या बॅचने पाहिलेलं नाही, आणि त्याला फक्त एक बर्नर लागतो.