प्रतीक्षायादीतील तारुण्य

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी चारित्र्याच्या दाखल्यासाठी घरी आला होता. दहा वर्षांपूर्वी तो आमच्या महाविद्यालयातून पदवीधर झाला; आज त्याचे वय एकतीस आहे. ‘सध्या काय करतोस?’ या माझ्या सहज प्रश्नावर त्याने किंचित मान खाली घालून उत्तर दिले, ‘सर, अभ्यास करतो.’ त्याच्या हातातील अर्जावर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे त्याने ‘विद्यार्थी’ असे लिहिले होते आणि पत्ता गावाकडचा, वडिलांच्या घरचा दिला होता. त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु एकतिसाव्या वर्षी ज्याला या दोन रकान्यांत स्वतःचे असे काही लिहिता येत नाही, त्याची वाढ कोठे अडली आणि ती कोणी अडविली, हा प्रश्न तो गेल्यावरही माझ्या मनातून जाईना.

माणूस प्रौढ केव्हा होतो, याविषयी आपल्या कायद्यांचेही एकमत नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरावे वर्ष ठरविले. मतदानासाठी मात्र एकविसावे वर्ष होते; ते १९८८ साली संमत झालेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अठरावर आणले आणि ही दुरुस्ती १९८९ च्या मार्चमध्ये अमलात आली. मुलाच्या विवाहाला एकवीस, लोकसभेच्या अथवा विधानसभेच्या उमेदवारीला पंचवीस, राज्यसभेला तीस. महाराष्ट्रात कडक मद्यासाठीही पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे आमदारकीची आणि मद्यप्राशनाची पात्रता शासनाने एकाच वयावर आणून ठेवली आहे. या योगायोगावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

शास्त्राचे उत्तर कायद्यापेक्षा सावध आहे. उंची विशीच्या आसपास थांबते, पण हाडांची घनता तिशीच्या सुमारापर्यंत वाढत राहते. कपाळामागील मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार, संयम आणि दूरवरचे नियोजन ही कामे सांभाळतो, त्याची घडण विशीतही चालूच असते, हे गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मेंदूच्या चुंबकीय चित्रणांनी दाखवून दिले. ‘पंचविसाव्या वर्षी मेंदू पूर्ण होतो’ हे वाक्य अलीकडे फार ऐकू येते. शास्त्रज्ञ अशी ठळक रेघ ओढत नाहीत. ते सांगतात ते एवढेच, की ही घडण सावकाश होते, व्यक्तीगणिक वेगळी होते आणि अनुभवाने तिला आकार येतो. हाडाला भार पेलावा लागला की ते बळकट होते आणि अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचे हाड ठिसूळ होते, हे आपण जाणतो. निर्णयशक्तीचेही तसेच असावे असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

मानसशास्त्रात या वयाचा विचार करणाऱ्यांत एरिक एरिक्सन यांचे नाव अग्रभागी आहे. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांच्या मते किशोरवयात ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. तारुण्यात त्या उत्तराच्या बळावर दुसऱ्या माणसाशी गाढ नाते जोडायचे असते, ते साधले नाही तर वाट्याला एकाकीपणा येतो. याच एरिक्सननी आणखी एक मोलाची कल्पना मांडली. तरुणांवर प्रौढत्वाची सर्व बंधने टाकण्यापूर्वी समाज त्यांना काही काळ उसंत देतो. त्या काळात त्यांनी निरनिराळ्या भूमिका करून पाहाव्यात, चुकावे, परत फिरावे, असे त्या उसंतीचे प्रयोजन. एरिक्सन स्वतः ऐन विशीत चित्रकलेच्या नादाने युरोपभर भटकले आणि पंचविसाव्या वर्षी व्हिएन्नातील एका छोट्या शाळेत शिकवू लागले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. आपल्याकडे मात्र त्यांचा लिपिकपदाचा अर्जही छाननीत बाद ठरला असता!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली ही कल्पना पुढे नेली. अठरा ते पंचवीस हा पौगंडावस्था आणि प्रौढत्व यांच्यामधला एक स्वतंत्र टप्पा आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. त्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती, कारण हा टप्पा सुखवस्तू समाजातील महाविद्यालयीन मुलांचा आहे. कारखान्यात वा शेतात राबणाऱ्याला तो कोठून मिळणार? तरीही एक गोष्ट उरतेच. एरिक्सन असोत की आर्नेट, दोघांनीही जो विलंब समर्थनीय मानला तो शोधाचा विलंब आहे. आपल्याकडे जे घडत आहे त्यात विलंब तेवढा आहे, शोध नाही.

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतून सकाळी सातच्या सुमारास एकदा चालत जावे. अभ्यासिकांच्या जिन्यांखाली चपलांचे ढीग दिसतात. दोन वितींच्या टेबलाला महिन्याचे भाडे, खाणावळीचा डबा, एका खोलीत चार खाटा, भिंतीवर राज्यघटनेच्या कलमांचे तक्ते. ही मुले आळशी आहेत असे म्हणणाऱ्याने त्यांच्यासोबत आठवडाभर बसून पाहावे. त्यांच्या कष्टांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ही, की पाच-सात-दहा वर्षे हा तरुण एकाच भूमिकेची तालीम करीत असतो आणि पडदा वर जातच नाही. या काळात तो हिशेब सांभाळत नाही, हाताखालच्या माणसाला सांभाळून घेत नाही, वरिष्ठाशी मतभेद झाल्यावर काय करावे हे शिकत नाही, पहिल्या पगाराचे काय करावे या चिंतेतही पडत नाही. गावातील लग्नकार्याला जाणे तो टाळतो, कारण तेथे पहिला प्रश्न ठरलेला असतो. एरिक्सन यांना अभिप्रेत असलेला एकाकीपणा याहून निराळा काय असेल?

या प्रतीक्षेचा दोष केवळ तरुणांच्या हट्टाला देणे अन्यायाचे होईल. २०२० ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची होती. महासाथीमुळे ती पुढे गेली, हे समजण्यासारखे होते. नंतर ११ ऑक्टोबर ही तारीख आली आणि गेली. मग १४ मार्च २०२१ ठरली. तीही तीन दिवस आधी रद्द करण्यात आली, तेव्हा पुण्यात हजारो मुले रस्त्यावर बसली आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. जवळजवळ एक वर्ष! पंचविशीतील माणसाच्या आयुष्यातले एक वर्ष म्हणजे काय, हे तारखा बदलणाऱ्यांच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही. त्याआधीच्या, २०१९ च्या परीक्षेतून निवडल्या गेलेल्या ४१३ जणांची कथा तर याहून विचित्र. जून २०२० मध्ये त्यांचा निकाल लागला, सत्कार झाले, पेढे वाटले गेले आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादात नियुक्तिपत्र वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. उत्तीर्ण झालेलाही थांबलेला, नापास झालेलाही थांबलेला.

या थांबण्यावर शासनाला सुचलेला उपाय असा, की थांबण्याची मुभा वाढवावी. २०१६ साली राज्य शासनाने खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर नेली. मागासवर्गीयांसाठी ती ४३ झाली. निर्णयाचे स्वागत झाले, आणि तसे ते होणे स्वाभाविक होते. या मागणीचा इतिहासही मानाचा आहे. १८७६ साली भारतमंत्री सॅलिस्बरी यांनी सनदी सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणण्याचे ठरविले, तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्याविरुद्ध देशभर दौरा केला; कारण एवढ्या कोवळ्या वयात सातासमुद्रापलीकडे जाऊन परीक्षा देणे हिंदी मुलांना अशक्यच होते. खेड्यातून उशिरा शिकलेल्या, घरचा भार वाहत पदवी घेतलेल्या मुलासाठी आजही वाढीव वयोमर्यादा हा न्यायच आहे. पण जागा वाढल्या नाहीत, वेळापत्रक सुधारले नाही आणि केवळ दार अधिक काळ किलकिले ठेवले, तर बाहेरची रांग लांबते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ११ लाख ३५ हजारांहून अधिक अर्ज आले, ५ लाख ७३ हजारांवर उमेदवारांनी पूर्वपरीक्षा दिली आणि शिफारस झाली ती ९३३ जणांची. उरलेल्यांपैकी कित्येकांनी ‘आणखी एकदा’ असे ठरविले असणार. राज्य आयोगाने २०२० च्या अखेरीस प्रयत्नांवर मर्यादा घालण्याचे जाहीर केले होते. विरोध झाला आणि २०२२ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

मुलगा असेल तर निदान ‘आणखी एकदा’ म्हणता येते. याच अभ्यासिकांतील मुलींना घरून मिळालेली मुदत बहुधा दोन वर्षांची असते. ती संपली की स्थळे येऊ लागतात. आणि या पेठांपर्यंत ज्या कधी पोहोचतच नाहीत त्यांचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराच्या आत झालेला आढळला. बीडच्या ऊसतोड कामगारांत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि उचल त्या जोडीला मिळते. तेथे लवकर लग्न लावण्यामागे रूढीइतकाच हा व्यवहार आहे. सतराव्या वर्षी गृहिणी, मजूर आणि आई होणाऱ्या मुलीला कसली उसंत? एकाच राज्यात एकीला तारुण्य मिळतच नाही आणि दुसऱ्याचे तारुण्य संपतच नाही. या दोन टोकांचा विचार आपण निरनिराळ्या खात्यांकडे सोपवून मोकळे होतो.

ज्या पेठांचा वर उल्लेख केला त्यांच्या शेजारीच, भिडे वाड्यात, १८४८ साली मुलींची शाळा निघाली, तेव्हा जोतिराव फुले एकविशीच्या आतबाहेर होते आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा टिळक तेवीस वर्षांचे होते. ही उदाहरणे व्यासपीठांवर इतकी वापरली गेली आहेत, की आता ती ऐकताना तरुणांना टोमणा मारल्यासारखे वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. ती माणसे असामान्य होती. सर्वांकडून तशी अपेक्षा करणे हा दुष्टपणा आहे. मला त्यातून वेगळेच दिसते. ही माणसे आधी परिपक्व होऊन मग कामाला लागली, असे झालेले नाही. टिळकांनी पुढे १८८२ साली, सव्विसाव्या वर्षी, कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या लेखनामुळे ते तेथे गेले त्याच्या आधारासाठी घेतलेली कागदपत्रे बनावट ठरली होती. चूक त्यांनी केली आणि तिची किंमतही त्यांनीच मोजली. काम, चूक आणि तिची जबाबदारी यांनीच त्यांना घडविले.

२०२३-२४ च्या केंद्रीय श्रमबल पाहणीत १५ ते २९ या वयोगटातील बेकारीचे प्रमाण १०.२ टक्के होते. पंधरा वर्षांवरील एकूण लोकसंख्येत ते ३.२ टक्के होते. या परिस्थितीत ‘स्पर्धा परीक्षा सोडा’ असा उपदेश करणे सोपे आहे. सोडून जायचे कोठे, हे उपदेश करणारा सांगत नाही. २०२४ साली राज्याने युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये आणि सहा महिन्यांचे काम. कल्पना योग्य दिशेची होती, पण तेथे केलेल्या कामाचे पुढे काय, याचे उत्तर योजनेत नव्हते. साहजिकच मुदत संपू लागताच ती वाढवून देण्याची मागणी पुढे आली.

आयोगाने वर्षाचे वेळापत्रक जाहीर करावे आणि ते न्यायालयाच्या तारखेइतक्या नव्हे, रेल्वेच्या वेळापत्रकाइतक्या तरी गांभीर्याने पाळावे. निकाल आणि नियुक्ती यांत किती महिने जाऊ शकतात हे नियमाने बांधून घ्यावे. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेल्या उमेदवाराचे गुण सहकारी बँका, नगरपालिका, शिक्षणसंस्था यांना भरतीसाठी ग्राह्य धरता आले, तर अपयश आलेला मुलगा रिकाम्या हाताने गावी परतणार नाही. ग्रामपंचायतीत, दवाखान्यात वा शाळेत दोन वर्षे केलेल्या कामाला प्रशासकीय सेवांच्या निवडीत वजन मिळाले, तर तयारीचा काळ कामाचाही होईल, आणि ज्याला अधिकारी व्हायचे आहे त्याला जनता निदान आधी भेटलेली असेल.

माझ्या विद्यार्थ्याला मी दाखला दिला. दहा वर्षांपूर्वीही मी त्याला तोच दाखला, त्याच शब्दांत दिला होता; या वेळी फक्त तारीख बदलली. निघताना त्याने विचारले, ‘सर, आणखी एक वर्ष देऊ का?’ मी त्याला चहा घ्यायला पुन्हा बसविले आणि गावाकडे शेती कोण पाहते, बहिणीचे लग्न झाले का, मधल्या काळात कोठे शिकवणी घेतली होतीस का, असे विचारीत राहिलो. शिकवणी त्याने घेतली होती. खोलीचे भाडे निघावे म्हणून दोन वर्षे तो दहावीच्या मुलांना गणित शिकवीत होता आणि ती मुले चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाली होती. अर्जात त्याचा उल्लेख का केला नाहीस, असे मी विचारले. तसा रकाना नाही, असे तो म्हणाला.