जंगलातले संगीत कोणाचे?

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात २०१२ साली खुल्या आकाशाखालील संगीत महोत्सव सुरू झाला. चित्रपटसंगीताबाहेरचे स्वतंत्र बँड येतात, श्रोते तंबूत राहतात, मंच बांबूचा असतो. हा आपतानी आदिवासींचा मुलूख. बाहेरच्याला तेथे इनर लाइन परमिट घेऊनच जावे लागते.

महाराष्ट्रात काय? शहरी हौशींचे तंबू जंगलात पडले की ते पर्यटन. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारा आदिवासी मात्र अतिक्रमणदार! वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. म्हणून जंगलात महोत्सव भरवायचा, तर ग्रामसभेची संमती आणि उत्पन्नात तिचा वाटा हवाच, अशी आमची मागणी आहे.

दुसरा प्रश्न मंचाचा. प्रायोजकाविना गावोगाव गाणारे वामनदादा कर्डक स्वतंत्र कलावंत नव्हते काय? चेन्नईत २०१८ साली 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गाना आणि रॅपमधून जातिव्यवस्थेला मंचावरून जाब विचारला. आपल्या भीमशाहिरांना मात्र १४ एप्रिल सरला की कोणी विचारत नाही. 'स्वतंत्र' संगीताच्या या मंचांवर भीमगीत वर्षभर वाजले पाहिजे. ते मागून मिळणार नाही. समाजातील तरुण कलावंतांनी त्यासाठी संघटित व्हावे.